संगमात सोडलेला एक्स-रे

माधवनगर, सांगली
३ फेब्रुवारी २०२५
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह)

इंदुमती,

वीस वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, कारण शिवांजलीच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे तू नदीत सोडलास. दुसरं कारण नाही. वय झालं, मन हळवं झालं, हॉस्टेलचे दिवस आठवले, असलं काही समजू नकोस.

फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणतेस. उत्तर लिहून दे, खाली सही कर.

शिवांजली ही मनुबाईची मुलगी. मनुबाई एकोणीस वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते. मुलगी वडूजजवळच्या वाडीत दिली आहे. नवरा ऋषिराज लष्करात लान्स नायक. सुट्टीवर आला की मारतो. डिसेंबरच्या सुट्टीत त्याने पाण्याच्या लोखंडी पाइपाने तिचा डावा हात मोडला. ती कराडला नवरा-बायकोत समेट घडवणाऱ्या तुझ्या केंद्रात आली आणि तू तेच केलंस जे तू सदतीस वर्षं करते आहेस. ११ जानेवारीला, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दोन्हीकडची पाच-पाच माणसं सतरंजीवर बसवलीस. त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतलंस. मग सगळ्यांना घाटावर नेऊन तिचा तक्रारअर्ज, दवाखान्याचा कागद आणि एक्स-रे द्रोणात घालून कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडायला लावलंस. फिल्म तरंगते म्हणून दगड बांधलास, असं मनुबाई सांगते. पुरावा बुडवायला दगड बांधणारी माणसं मी कोर्टात पाहिली आहेत. ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असतात.

ज्या डॉक्टराने प्लास्टर घातलं त्याची वही आता 'सापडत नाही'. आणि गेल्या आठवड्यात ऋषिराजने तिला फोनवर सांगितलं, "धा माणसांत लिवून घेतलंस न्हवं माझ्याकडनं? आठ मार्चला येतोय सुट्टीवर. मग बघू."

पाच आठवडे आहेत. ते हमीपत्र मला हवं. 'पाइपाने मारले, हात मोडला' असं त्याच्या हस्ताक्षरात लिहिलेला तो एकच कागद आता शिल्लक आहे. तो घेऊन मी गुन्हा नोंदवणार आहे. मूळ प्रत पाठव.

हेमलता


कराड
९ फेब्रुवारी २०२५

हेमलता,

पत्र मिळालं. पोचपावतीवर सही केली आहे. जपून ठेव, तुला पावत्या आवडतात.

आधी द्रोणाचं. घाटावर पहिला कागद १९९१ साली तू सोडायला लावलास. 'तिचा कागद पाण्यात जाईल आणि त्याचा आपल्या कपाटात राहील, म्हणजे ती मोकळी होऊन घरी जाईल आणि भीती त्याला राहील.' ठरावाच्या वहीत हे वाक्य तुझ्या अक्षरात आहे. खाली तुझी सहीही आहे, तुला हवी तशी. तेव्हा दवाखान्याचे कागद कुणाकडे नसायचे, बायका दवाखान्यात जायच्याच नाहीत. काळ बदलला आणि मी तो एक्स-रे ठेवून घ्यायला हवा होता. ती चूक माझी. हे एकदाच लिहिते आहे.

हमीपत्र मिळणार नाही. कपाटात सहाशे चौदा आहेत. प्रत्येक पुरुषाला मी शब्द दिला आहे की पुन्हा हात उचलला नाहीस तर हा कागद या खोलीबाहेर जाणार नाही. त्या शब्दावर ते पायरी चढतात. एक कागद वकिलाकडे गेला अशी बातमी खटाव-माण भागात पसरली की पुढच्या शनिवारी सतरंजीवर फक्त बायका बसलेल्या असतील. त्यांना मी काय देऊ, तुझा फोन नंबर?

तू शिवांजलीला विचारलंस का तिला काय हवं? मी विचारलं होतं. तिचं पहिलं वाक्य होतं, "ताई, त्यांची नोकरी जाता कामा न्हाई." तिला नवरा हवा आहे, मार नको आहे. सोपी गोष्ट आहे, पण तुझ्या दंडसंहितेत तिला कलम नाही. छळाचं जुनं चारशे अठ्ठ्याण्णव-अ काय आणि नवं पंच्याऐंशी काय, आकडा बदलला म्हणून दांडका बदलत नाही.

दांडक्यावरून आठवलं. शकिला कशी आहे? सांगलीतली तुझी गाजलेली केस. तिने तुला सांगितलं होतं, नवऱ्याला, अजमलला, दोन दिवस घराबाहेर काढा, एवढंच. तू पोलिसांना त्याला उचलायला लावलंस. ठाण्यात त्याला मारताना त्याच्या धर्माला शिव्या देत होते, हे शकिलाने बाहेर बाकावर बसून ऐकलं. लाकडावर नक्षी काढणाऱ्या कारागिराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आता तो घरी बसतो आणि डाव्या हाताने मारतो. हे ती इथे येऊन, माझ्या सतरंजीवर बसून सांगून गेली, कारण तुझ्या जिन्याची पायरी ती पुन्हा चढणार नव्हती.

ऋषिराजच्या कमांडिंग ऑफिसरना मी पत्र लिहिणार आहे. लष्करात बायकोच्या अर्जाची दखल घेतात. तुझ्या जीपगाडीची गरज नाही.

आठ मार्चला तू नाहीतरी मोकळी नसशील. महिला दिनाचे सत्कार असतात ना.

इंदुमती


माधवनगर
१४ फेब्रुवारी २०२५

इंदुमती,

शकिलाबद्दल. खरं आहे. त्या ठाण्यातल्या माणसांवर मी तक्रार केली आणि ती चार वर्षं चौकशीत पडली आहे. दर महिन्याला मी विचारायला जाते आणि दर महिन्याला तोच पंखा डोक्यावर फिरत असतो. तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. पण पोलीस वाईट आहेत याचा अर्थ नवरा सभ्य आहे असा होत नाही. तुझ्या पत्रात तो अर्थ प्रत्येक ओळीखाली आहे.

आता मी एक नाव लिहिते. रेश्मा.

२००३. याच सतरंजीवर तिच्या नवऱ्याने हमीपत्र लिहिलं. याच घाटावर तिने कागद सोडला. मी म्हटलं होतं, हिला परत पाठवू नका. तू म्हणालीस, "हेमा, तिची स्वतःची इच्छा आहे." अकराव्या आठवड्यात ती विहिरीत सापडली. खटल्यात मी हमीपत्र मागितलं आणि तू म्हणालीस, शब्द दिला आहे. नवरा सुटला. त्याने दुसरं लग्न केलं आणि पेढे द्यायला केंद्रात आला होता. मी त्या दिवशी माझी पिशवी उचलून सांगलीला आले, ते का, हे तू इतकी वर्षं लोकांना 'मतभेद' म्हणून सांगतेस.

'तिची इच्छा.' पाइप खाल्लेली बाई, समोर नवरा, दीर, सासरा, गावचा दादासो आणि तू बसलेली असताना जे बोलते त्याला तू इच्छा म्हणतेस. मी त्याला भीती म्हणते. आपल्यात वाद असला तर एवढाच आहे.

आणि साहेबांना पत्र? तो दुसरा पोलीसच झाला की, फक्त गणवेश हिरवा. शिक्षेला तुझा विरोध नाही, इंदुमती. आपल्या हातून न झालेली शिक्षा तुला चालते.

पंचवीस फेब्रुवारीपर्यंत हमीपत्र आलं नाही तर मी माझ्या मार्गाने जाईन.

हेमलता


कराड
३ मार्च २०२५
(स्पीड पोस्ट)

हेमलता,

गेलीस ना तुझ्या मार्गाने.

२७ तारखेला दुपारी वाडीत पोलीस गाडी आली. दोन शिपाई चौकातल्या चहाच्या टपरीपाशी उतरले आणि वीस माणसांत त्यांनी विचारलं, "नवऱ्यानं हात मोडलेली ती बाई कुठलं घर?" त्यांचं काम झालं. चहा पिऊन ते गेले. जबाब नाही, कागद नाही, काही नाही. सासूने संध्याकाळच्या आत शिवांजलीची पेटी आणि शिवणयंत्र अंगणात ठेवलं. म्हणाली, "आमच्या पोराच्या वर्दीला डाग लावतीस? जा तुझ्या वकिलीणबाईकडं, तिच्याच दारात नांद." हे मला तिथल्या आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईने कळवलं.

फोन तू केला होतास. नाकारू नकोस.

तेव्हापासून चार दिवस झाले. शिवांजली माझ्याकडे आलेली नाही. तिचा फोन बंद आहे. तू तिला लपवून ठेवलं असशील, केस उभी करण्यासाठी, तर तेवढं तरी कळव. मला तिला भेटायचं नाही. ती कुठे आहे एवढंच कळव. मी रात्री उठून रस्त्यावर कोण आलं ते बघते आहे. वाच आणि खूष हो.

रेश्माचं नाव मी कधी विसरले नाही. तू पत्रात ते कलमासारखं वापरलंस.

इंदुमती


माधवनगर
४ मार्च २०२५
(एस.टी.च्या पार्सलने)

इंदुमती,

ती माझ्याकडे नाही. मला वाटलं तू ठेवून घेतली आहेस.

फोन मी केला. ठाण्यात ओळखीचा माणूस होता, त्याला म्हटलं, गुपचूप चौकशी करा. 'गुपचूप' या शब्दाचा त्यांच्याकडे काय अर्थ होतो हे मला शकिलानंतर कळायला हवं होतं. आणि मी शिवांजलीला विचारलं नव्हतं. हे मीही एकदाच लिहिते आहे.

मनुबाई कामावर येते आहे. भाकरी थापते, जाते. रडत नाही. मी तिला दोनदा विचारलं, मुलगी कुठे आहे? ती म्हणाली, "आसंल कुठंतरी, बाई." पोटची पोर पाच दिवस बेपत्ता असलेली आई असं बोलत नाही. तिला माहीत आहे आणि ती मला सांगत नाही. एकोणीस वर्षांनी.

याचा विचार तूही कर.

हेमलता


वडूज
५ मार्च २०२५
(एस.टी.च्या पार्सलने)

वकीलबाई आणि इंदूताई, दोघींना नमस्कार.

एकच पत्र दोनदा लिवलंय, एक सांगलीला, एक कराडला. आईकडनं मला समदं कळत हुतं. वकीलबाई आलेलं पत्र आणि लिवलेलं पत्र, दोन्ही मोठ्यानं वाचत्यात आणि आई भिंतीपलीकडं भाकरी करत असती. मी बारावी शिकलेली हाय, पर चांगल्या भाषेत लिवायला बसले की खोटं वाटतंय, म्हणून बोलते तसंच लिवते.

मी वडूजातच हाय. स्टँडामागं नौशीनचं शिवणकामाचं दुकान हाय, त्येच्या माडीवर. आमी दोघी एकाच क्लासात शिवण शिकलो. तिच्या भावानं, बशीरभाईनं, टेंपोतनं यंत्र आणलं. फोन मीच बंद ठेवलाय, आईशी नौशीनच्या फोनवरनं बोलते. सासरच्यांचे फोन येत हुते, आणि तुमचेबी.

आता एक्स-रेचं सांगते. माझा एक्स-रे संगमात गेलाच न्हाई.

त्या शनिवारी मला म्हणाले, दवाखान्याचं समदं घेऊन या, सोडायचंय. घरात कपाटात दोन पाकिटं हुती, एकाच दवाखान्याची. एकात माझा हात आणि दुसऱ्यात सासूबाईंचा गुडघा. मी गुडघा नेला. इंदूताई, तुमी दगड बांधताना फिल्म उजेडात धरून बघितली असती तर कळलं असतं, पर कुणी बघितली न्हाई. समदी हात जोडून हुबी हुती. माझा एक्स-रे आणि डॉक्टरची चिठ्ठी यंत्राच्या फळीखाली हाय, पयल्या दिवसापास्नं.

का आसं केलं? मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाला नवं ब्लाउज अंगात बसलं का न्हाई हे बघितल्याबिगर मी मापाचं ब्लाउज परत देत न्हाई. तुमचा समेट बसतोय का उसवतोय हे मला बघायचं हुतं. त्येच्या आधी मी माप कशाला परत देऊ?

इंदूताई, तुमी वकीलबाईंना लिवलंत की हिला नवरा पायजे. मी तसं कवा म्हणले? मी म्हणले, त्यांची नोकरी जाता कामा न्हाई. आवं, नोकरी गेली तर त्यो बाराच्या बारा म्हयने घरात. आत्ता धा म्हयने तरी सरकार त्याला लांब ठेवतंय. तुमाला पेन्शन दिसली, मला सुट्टी दिसत हुती. तुमी पुढं विचारलंच न्हाई, लगीच डोळ्याला पदर लावलात.

आणि वकीलबाई, तुमी म्हणता ती इच्छा न्हवं, भीती हाय. भीती हाय की. लय हाय. पर भीती वाटती म्हणून अक्कल जात न्हाई. तुमी जीप पाठवलीत आणि माझं घर गेलं. त्यो मारत हुता तवाबी माझं यंत्र घरात हुतं. तुमच्यामुळं ते अंगणात आलं. मला विचारायला एक फोन लागला असता.

आता मला काय पायजे ते लिवते.

त्याला तुरुंगात घालायचं का न्हाई हे मी आज ठरवत न्हाई. आज मला एवढं पायजे की आठ तारखेपास्नं मी ऱ्हाते त्या माडीच्या पायरीवर त्यानं पाऊल टाकायचं न्हाई, आणि टाकलं तर कागद दाखवून पोलीस बोलवता आला पायजे. तसा कोर्टाचा आदेश मिळतोय, नौशीननं फोनमधी बघितलं. वकीलबाई, त्येचा अर्ज तुमी लिवून आणा. सही मी वाचून करन. पोलीस कवा बोलवायचा ते मी सांगन, दुसऱ्या कुणी न्हाई.

इंदूताई, त्यानं लिवलेलं हमीपत्र घेऊन या. तुमी त्याला शब्द दिलाय हे ठावं हाय. मलाबी दिला हुता, की पुन्हा त्रास हुणार न्हाई. दोन शब्दांतला एक मोडणारच हाय. कुठला मोडायचा ते तुमी ठरवा.

साहेबांना पत्र तुमी टाकू नका. ते मी लिवलंय. तिकीट लावून ठिवलंय. आदेशाला त्यानं जुमानलं न्हाई तर टाकन, आणि तवा नोकरीचं बघत बसणार न्हाई.

सात तारखेला, सुक्रवारी, सकाळी अकरा वाजता दुकानात या. दोघी या. वाटंत भांडला तरी चालंल, दुकानात गिऱ्हाइकं असत्यात.

तुमची,
शिवांजली

ता. क. सासूबाई गुडघ्याचा एक्स-रे हुडकायला लागल्यात. कुणी सांगू नका.


कराड
६ मार्च २०२५
(व्हॉट्सअ‍ॅपवर, पत्राला वेळ नाही)

हेमलता,

तिचं पत्र मला मिळालं, तुलाही मिळालं असेल. सदतीस वर्षं मी बायकांचं ऐकते असं मला वाटत होतं.

कपाट उघडलं. सहाशे चौदामधून तिच्या नवऱ्याचा कागद काढायला दहा मिनिटं लागली. रेश्माच्या नवऱ्याचा शोधायला दोन तास लागले, कारण मी तो सगळ्यात खाली ठेवला होता. तोही घेऊन येते आहे. तुझ्यासाठी नाही. तो कुणाला द्यायचा हे मला माहीत नाही, म्हणून.

उद्या साडेसातच्या गाडीने निघते. वाटेत माझ्याशी बोलायची अपेक्षा ठेवू नकोस.

इंदुमती


(उत्तर, त्याच दिवशी)

मी सांगलीहून येते आहे. आपली वाट एक नाही. काळजी नसावी.

अर्ज तीनदा लिहिला. दोनदा त्यात मी बोलत होते.

हेमलता


पोच

ठिकाण: नौशीनचे शिवणकामाचे दुकान, वडूज
दिनांक ७ मार्च २०२५, सकाळी ११.२० वाजता

श्रीमती इंदुमती यांनी दिले:
ऋषिराज याने ११ जानेवारी २०२५ रोजी स्वतःच्या हाताने लिहिलेले हमीपत्र, मूळ, एक पान.
केंद्राच्या आवक वहीतील शिवांजलीच्या तक्रारीच्या पानाची नक्कल. (हे पान वहीत आहे हे श्रीमती इंदुमती यांनी आजवर कोणालाही सांगितले नव्हते.)

अ‍ॅड. हेमलता यांनी दिले:
संरक्षण आदेशासाठी न्यायालयात द्यायचा अर्ज, तीन पाने, सहीची जागा कोरी. शिवांजलीने दुकानात बसून वाचला, दोन वाक्ये खोडली, मग सही केली. आजच दुपारी दाखल करायचा आहे.
२७ फेब्रुवारीची तोंडी तक्रार शिवांजलीला न विचारता केली होती, असा सहीचा खुलासा, एक पान.

रेश्माच्या नवऱ्याचे २००३ सालचे हमीपत्र श्रीमती इंदुमती यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. शिवांजलीने ते वाचले आणि अ‍ॅड. हेमलता यांच्या हातात दिले. त्यांनी घेतले.

लष्करातील साहेबांना लिहिलेले पत्र: शिवांजलीकडे, तिकीट लावलेले, न टाकलेले.

एक्स-रे, डावा हात, एक: शिवांजलीने यंत्राच्या फळीखालून काढला. दोघींनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. न्यायालयात ती स्वतः हजर करेल. परत घेतला.

वरील सर्व मिळाले.
शिवांजली

साक्षीदार: नौशीन